उदासी म्हणजे नाशुक्री काय?

बाळंतिणीचे चाळीस दिवस आपल्या घरांतून कसोशीने पाळले जातात. शेक, मालीश, डिंकाचे लाडू, कशात कसूर नसते. पण तीच रात्री उठून रडू लागली, की आपण म्हणतो, ‘अल्लाहने सुखरूप लेकरू दिले, त्याची ही नाशुक्री?’

सूरह मरयम आपण बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून पढतो. त्यात कळांनी बेजार झालेल्या हजरत मरयम खजुराच्या बुंध्याशी मरणाची इच्छा बोलून दाखवतात. त्यांचे ईमान कोणी तपासत नाही. दुःख न करण्याचा दिलासा आधी येतो. झरा आणि खजूर त्यानंतर. आपण खजूर तेवढी उचलली!

१९८७ साली एडिंबरोच्या नावाने आलेल्या दहा प्रश्नांच्या तपासणीत गेल्या सात दिवसांतले हसणे, रडणे, भीती, झोप विचारतात. शेवटी स्वतःला इजा करण्याचा विचारही. पंधरवड्यापुरती हुरहुर बऱ्याच जणींना लागते आणि जाते. त्यापुढे टिकली, तर तो आजार असू शकतो, आणि त्याला इलाज आहे.

आमच्याच घरात एका सुनेसाठी आम्ही आधी तावीज आणला, डॉक्टर पाच महिन्यांनी. त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘हिच्याजवळ बसून बोलतं कोण?’ आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.