थरथरण्याची तात्त्विक बाजू

नमतं घेणं हा भित्रेपणा की शहाणपण? क्लाउनफिश यावर वेळ दवडत नाहीत. खाऱ्या पाण्याच्या पेटीत दांडगी मादी असली, तर नवा मासा तिच्याहून लहानच आणायचा. आधी भोकांच्या डब्यात ठेवून नुसती नजरानजर. (आपल्याकडे पोहेही देतात.) मग सोडला, की ती अंगावर धावते, तो आडवा होऊन थरथरतो. थरथरला तर मिटलं, नाहीतर पर फाटलेच समजा. स्वाभिमान गेला कुठे, म्हणाल. पण गंमत अशी, की या जातीत आधी सगळे नरच. मादी मेली, की हाच मादी होतो आणि पुढच्या नव्याच्या अंगावर धावतो. आमच्या बँकेत याला सीनिऑरिटी म्हणतात. खटकतं ते एवढंच : इतकी वर्षं स्वतः थरथरला, आणि धावताना जरासुद्धा अडखळत नाही?