संकल्पाविना पूजा

संन्यासाची दीक्षा घेणारा माणूस जिवंतपणीच स्वतःचे श्राद्ध करतो. विरजा होमात शिखा-सूत्र अग्नीला देतो, कुळ सोडतो, गोत्र सोडतो आणि ज्या कर्मकांडाने गृहस्थाचा दिवस बांधलेला असतो ते कर्मकांडही तिथेच ठेवून उठतो. मग अशा माणसांच्या मठात पहाटे काकडआरती, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी धूप आणि रात्री शेजारती का व्हावी? वर्षातून चार-पाच मोठे उत्सव, त्यांची वर्गणी, मांडव, पंगती, कीर्तने हे सगळे कशासाठी? अद्वैत शिकवणाऱ्या मठात तर हा प्रश्न अधिकच टोचतो. त्याला नेहमी मिळणारे उत्तर असे असते की पूजा-अर्चा ही मंद अधिकाऱ्यांसाठी आहे, चित्त शुद्ध होईपर्यंतची पहिली पायरी आहे. ज्ञानी पुरुष लोकसंग्रहासाठी ती करून दाखवतो इतकेच. हे उत्तर मला अपुरे वाटते. त्यात मठाचा उत्सव ही एक सवलत ठरते, आणि सवलत म्हणून सुरू झालेली गोष्ट शतकानुशतके इतक्या निष्ठेने कोणी चालवत नाही.

कुठल्याही पूजेच्या आरंभी संकल्प सोडला जातो, तिथून विचार सुरू करावा. संकल्पात चार गोष्टी येतात. आपण कुठे बसलो आहोत, तो देश. संवत्सर, मास, पक्ष, तिथी, हा काळ. पूजा करणारा कोण, त्याचे नाव-गोत्र. आणि पूजा कशासाठी, ती कामना. संन्याशाला यातल्या शेवटच्या दोन गोष्टी उच्चारता येत नाहीत. त्याला गोत्र नाही आणि मागायचे काही उरलेले नाही. ही अडचण कागदावरची नव्हे. स्वामी विवेकानंदांनी 1901 साली बेलूर मठात पहिली दुर्गापूजा केली तेव्हा ती प्रत्यक्ष उभी राहिली. संन्याशांना संकल्प करता येत नाही म्हणून तो शारदादेवींच्या नावाने सोडला गेला, आणि आजही तिथली दुर्गापूजा त्यांच्याच नावाने होते. त्याच 1901 सालच्या जानेवारीत विवेकानंद हिमालयातल्या मायावतीच्या अद्वैत आश्रमात गेले होते. निखळ अद्वैतासाठी काढलेल्या त्या आश्रमात श्रीरामकृष्णांच्या तसबिरीची पूजा चालू झालेली पाहून ते नाराज झाले, आणि पुढे ती पूजा बंद झाली. एकाच माणसाने एकाच वर्षात एका ठिकाणी पूजा नको म्हटले आणि दुसऱ्या ठिकाणी मूर्ती आणून पाच दिवसांचा उत्सव मांडला. याला विसंगती म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला त्यात एक नेमका विवेक दिसतो. मायावती हे मोजक्या साधकांचे एकांतस्थान होते. बेलूर गंगेकाठी, लोकांच्या वाटेवर होते. पूजा साधकाच्या पायरीवरून ठरली नाही, ती त्या जागेचे नाते कोणाशी आहे यावरून ठरली.

माझे म्हणणे असे की मठातल्या पूजेतून कर्ता आणि कामना गळून पडतात, तरी देश आणि काळ उरतात, आणि मठाचा उत्सव म्हणजे या उरलेल्या दोन गोष्टींची जपणूक. हे नीट पाहायला ग्वाल्हेरसारखे गाव नाही. दौलतराव शिंद्यांचा तळ 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले, आणि शिंदे की छावनी ही वस्ती आजही ते मूळ नावात सांगते. छावणीतल्या माणसाला गाव नसते. कुलदैवत जेजुरीला किंवा तुळजापुराला, शेत कुठेतरी नीरेकाठी, आणि आपण चंबळच्या खोऱ्यात. अशा लोकांना देश नवा मिळाला होता. काळ मात्र त्यांनी बरोबर आणला. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, मराठी पंचांगात अमावास्येला. शेजारच्या घरात सावनचे दोन सोमवार होऊन जातात तेव्हा मराठी घरात श्रावण लागतो, आणि राखीपौर्णिमेला शेजाऱ्यांचा सावन संपला तरी मराठी श्रावण पिठोरी अमावास्येपर्यंत चालूच राहतो. रामदासी परंपरेची दासनवमी माघ वद्य नवमीला असते, हिंदी पंचांगात तोच दिवस फाल्गुनाचा. चंद्र एकच, तिथी एकच, महिन्याचे नाव वेगळे. घरोघरी हा हिशेब दोन पिढ्यांत पुसला जाऊ शकतो, कारण शाळा, कचेरी आणि बाजार शेजाऱ्यांच्या महिन्याने चालतात. तो टिकायला एखादे ठिकाण लागते जिथे तिथी चुकवणे परवडत नाही. मठ हे असे ठिकाण आहे.

मठ कोणत्या तिथी जपतो हेही पाहण्याजोगे आहे. रामनवमी, गोकुळाष्टमी या जन्मतिथी तर सगळीकडे आहेत. मराठी मठांचे खास मोठे दिवस मात्र बहुतेक मृत्यूचे आहेत. समर्थांनी 1682 साली सज्जनगडावर देह ठेवला, ती दासनवमी. पैठणची नाथषष्ठी, देहूची तुकाराम बीज, गोंदवल्याची मार्गशीर्ष वद्य दशमी, अक्कलकोटची चैत्र वद्य त्रयोदशी हे सगळे निरोपाचे दिवस आहेत. गृहस्थाच्या मृत्युतिथीला श्राद्ध होते. ते मुलाने करायचे, पिंड त्याच्याच हातचा आणि तर्पण त्या घराण्यापुरते. ज्याने आपले श्राद्ध आधीच करून ठेवले आहे त्याला पिंड लागत नाही, म्हणून त्याच्या मृत्युतिथीवर कोणा एका मुलाचा हक्क राहत नाही. तो दिवस सगळ्यांचा होतो. रक्ताच्या नात्याने जे एका घराचे सुतक झाले असते ते इथे हजारोंच्या पंगतीचे निमित्त बनते. एकनाथांनी वडिलांच्या श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्या उपाशी माणसांना वाढले ही पैठणची कथा मला याच दिशेने वाचावीशी वाटते. गृहस्थ राहून त्यांनी श्राद्धाला पुण्यतिथीचे रूप दिले. स्वतः कुळ सोडलेला साधू असा मेल्यावर परक्यांना एका पंगतीत बसवतो, आणि छावणीतल्या, मुळापासून तुटलेल्या समाजाला नेमक्या याच नात्याची गरज होती.

यावर पहिला आक्षेप अद्वैताकडूनच येईल. गीतेच्या अठराव्या अध्यायात यज्ञ, दान आणि तप सोडू नयेत असे सांगितले आहे खरे, पण शंकराचार्यांनी त्या वचनाचा अर्थ कर्माचा अधिकार असणाऱ्यांपुरता धरला आहे, ज्ञाननिष्ठ संन्याशाला त्यातून वगळले आहे. मग तुमचा उत्सव हा संन्याशाचा धर्म कसा? टिळकांनी ‘गीतारहस्या’त आचार्यांशी या मुद्द्यावर भांडण मांडले, पण मला त्या भांडणात न पडताही उत्तर देता येते. आचार्यांचा आक्षेप कर्माला नाही, कर्म चिकटवून ठेवणाऱ्या ‘मी’ आणि ‘माझे’ या भावाला आहे. ज्या पूजेत हे दोन्ही उच्चारायची सोयच ठेवलेली नाही तिच्यावर तो आक्षेप लागू पडत नाही. उलट, जो ज्ञानी पुरुष काहीच मागत नाही त्याला लोकांत वावरायचे असेल तर देण्याशिवाय दुसरी वाट उरत नाही. सज्जनगडाहून समर्थांच्या पादुका घेऊन भिक्षाफेरी निघते. झोळीत आलेले गडाच्या अन्नदानाला लागते. आलेले साठवायचे नाही, वाटून मोकळे व्हायचे. उत्सव हे त्या वाटपाचे वेळापत्रक असते.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे आणि त्याला मान द्यायला हवा. मठांनी आणि मंदिरांनी काळ जपला तसा भेदही जपला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले, आणि त्या आधीची कित्येक शतके चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेरच होती. एवढ्या काळात किती कीर्तने झाली, किती पंगती उठल्या! मी हे झाकणार नाही. पण हा दोष नेमका कुठला, ते याच कसोटीने कळते. कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार हे जन्मावरून ठरवले की संकल्पातून काढून टाकलेले गोत्र मागच्या दाराने परत येते. मग संन्याशाची गादी एखाद्या कुळाची वतनवाडी होते. आज हेच गोत्र पावतीवर छापून येते. अमुक रकमेचा अभिषेक, नाव-गोत्र लिहा, प्रसाद टपालाने. गृहस्थाने देवाकडे मागणे यात वाईट काही नाही, घरच्या पूजेत आणि क्षेत्राच्या ठिकाणी ते शोभतेही. मठाने मात्र त्या मागणीवर आपला वर्षाचा खर्च उभा केला तर ज्या एका गोष्टीमुळे तो मठ होता तीच जाते. गाडगेबाबांनी हे ओळखले होते. त्यांनी मूर्तिपूजेवर आणि नवससायासांवर कोरडे ओढले, आयुष्यभर स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. तरी कीर्तन आणि अन्नदान या दोन गोष्टी सोडल्या नाहीत. उत्सवातले काय टाकावे आणि काय ठेवावे याचा तो चोख निवाडा आहे.

तिसरा आक्षेप ग्वाल्हेरच्या संदर्भात सहज सुचतो. तुम्ही म्हणता ते खरे असेल तर मठ म्हणजे परमुलखातल्या मराठी माणसांचे मंडळ झाले, तिथे देवाचे काय काम? आपले पंचांग आणि आपल्या आरत्या जपायला गणेशमंडळ पुरेसे आहे. याचे उत्तर ग्वाल्हेरातल्याच ढोलीबुवांच्या मठाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. 1924 पासून ग्वाल्हेरात तानसेनाच्या समाधीपाशी संगीत समारोह भरतो. सुरुवातीला त्याचे स्वरूप उरुसाचेच होते, म्हणजे तोही मूळचा एका पुण्यतिथीचाच उत्सव. हजिऱ्याला मुहम्मद घौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची कबर आहे. तिथे सनई झाली की ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते, आणि त्याच ठिकाणी मौलवी मिलाद वाचतात, चादर चढते. आपली ओळख जपायला बसलेले मंडळ आपल्या भिंतींच्या आत कीर्तन करते; कबरीपुढे जाऊन मिलादच्या जोडीने हरिकथा करणे त्याला जमत नाही. ते मठाला जमते, कारण मठाने काळ जपला तो स्वतःपुरता जपला नाही. बीडच्या मन्सूर शाह या सूफी साधूला गुरू मानणाऱ्या महादजी शिंद्यांच्या घराण्याच्या गावाला हे परकेही वाटले नसावे. ज्याच्या नावाने कोणी पिंड देत नाही अशा साधूचा दिवस आणि ज्याच्या कबरीवर सर्व धर्मांचे लोक फुले वाहतात अशा गवयाचा दिवस, या दोहोंची जात एकच आहे.

ग्वाल्हेरच्याच थाटीपूर भागातल्या रामकृष्ण आश्रमात संध्याकाळी म्हटले जाणारे आरतीचे स्तोत्र विवेकानंदांनीच रचलेले आहे, आणि ते म्हणताना कोणाच्या गोत्राची चौकशी होत नाही. लष्करातल्या मराठी कुटुंबांच्या नव्या पिढीला मठाचे उत्सव जुनाट वाटत असतील तर दोष तिला देण्यात अर्थ नाही. मठांनी पावतीपुस्तक आधी मिटावे आणि पंगत आधी वाढावी. आणि वाचकांपैकी जे डिसेंबरात तानसेन समारोहाला ग्वाल्हेरला जातील त्यांना एवढेच सांगणे आहे की नुसत्या रात्रीच्या मैफलींवर भागवू नका. पहिल्या दिवशी सकाळी हजिऱ्याला लवकर पोहोचा आणि हरिकथेपासून मिलादपर्यंत पूर्ण बसा.