निरुपद्रवी औषध

जे औषध अळीस मारते व माणसास फारसा अपाय करीत नाही, ते निर्दोष म्हणावयास हरकत कोणती, असे कोणीही विचारील. प्रश्न सोपा दिसतो. पण ते औषध तंबाखूवर फवारावयाचे असले म्हणजे उत्तर देताना जीभ अडखळते.

गोदावरीकाठी राजमहेंद्री येथे १९४७ साली तंबाखूच्या संशोधनासाठी एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. त्या भागात तंबाखूच्या रोपांवर एका पतंगाची मादी पानाच्या खालच्या अंगास शेकड्यांनी अंडी घालते, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या रात्री चरून वाफेच्या वाफे फस्त करतात. यावर पूर्वी जी विषे मारीत, त्यांपैकी बहुतेक अळीच्या मज्जातंतूंवर घाव घालीत. आणि मज्जातंतू फवारणाऱ्या मजुरासही असतात! डायफ्लुबेन्झुरॉनसारख्या नव्या औषधांचा मार्ग निराळा. अळी कात टाकून वाढते. नव्या कातीस लागणारे 'कायटिन' नावाचे द्रव्यच हे औषध बनू देत नाही, आणि अळी कात टाकण्याच्या खटपटीत मरते. माणसास कात टाकावी लागत नाही. (खेकड्यास व कोळंबीस लागते; ओढ्याकाठी फवारणाऱ्याने हे विसरू नये.)

परीक्षेची रीत साधी आहे. काही वाफे फवारावेत, काही तसेच सोडावेत, आणि वाचलेली रोपे मोजावीत. धीर मात्र हवा. कारण पुढची कात येईपर्यंत अळी जिवंत दिसते, आणि उतावळा शेतकरी औषधासच खोटे ठरवितो.

आता गंमत पाहा. निकोटीन हे विष तंबाखूच्या झाडाने किड्यांपासून स्वतःच्या बचावासाठीच निर्माण केले. माणसानेही तंबाखूचा काढा इतर झाडांवरील कीड मारण्यास वापरला. ही अळी ते विष पचविते, म्हणून तिच्यासाठी आम्ही दुसरे औषध शोधतो; का, तर पहिले विष आम्हांस अखंड मिळावे! पुढे वाळलेल्या पानावर औषधाचा अंश किती उरला, हे दहा लाखांत किती भाग या हिशेबाने मोजतात. ओढणाऱ्याच्या छातीत कीटकनाशक जाऊ नये, ही ती काळजी. आणि तंबाखूमुळे एकट्या भारतात दरसाल १३ लाखांहून अधिक माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

तरी आम्हांस मनमोकळे हसता येत नाही. पाठीवर पंप घेऊन वाफ्यांतून फिरणाऱ्या मजुरास सौम्य औषध मिळणे हा त्याचा खरा लाभ आहे, आणि पीक वाईट म्हणून त्याने जहाल विषच हुंगावे, असे म्हणावयास मन धजत नाही. शिवाय हीच अळी भुईमूग, कापूस व कोबीही खाते; तंबाखूच्या वाफ्यात मिळालेले ज्ञान तिकडेही उपयोगी पडेल. म्हणून प्रयोग थांबवा, असे आम्ही म्हणणार नाही. तंबाखूवरील कराचा पैसा सरकारी तिजोरीत जातो, त्यावर चालणाऱ्या सोयी आम्ही सुशिक्षित लोकही भोगतो. तेव्हा एकट्या संशोधकास पिंजऱ्यात उभे करणे हे आमच्या तोंडी शोभत नाही.

आमचे भांडण 'निरुपद्रवी' या एका शब्दाशी आहे. मजुराच्या संबंधात तो शब्द खरा असेल, आणि तेथे तो खुशाल लिहावा. पण तोच शब्द पानाबरोबर बाजारापर्यंत जातो, पुडीवर चढतो, आणि तरुण गिऱ्हाइकास वाटू लागते, की आपण घेतो तो माल तपासलेला आहे.