हात तुटलेली माउली

‘जिला स्वतःचा हात वाचवता आला नाही, ती तुमचं काय भलं करणार?’ वांद्र्याची जत्रा सुरू होती आणि सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एका सद्गृहस्थांनी हे वाक्य टाकलं. पारसिकचा बोगदा संपेपर्यंत डबा हसत होता. मला राग आला तो वाक्यातली माहिती खरी होती म्हणून.

वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरीची मूर्ती सोळाव्या शतकात पोर्तुगीज जेझुइटांनी आणली, आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते, सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन टेकडी चढतात. हे सांगायला नको. १७०० साली मस्कतच्या अरब चाच्यांनी टेकडीवर धाड घातली आणि हातातली मुलाम्याची वस्तू सोन्याची समजून मूर्तीचा उजवा हात तोडला. तुटकेपण झाकायला पुढे तिथे बाळ येशू बसवला, असं सांगतात.

त्यानंतर मराठे आले. १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पडला, साष्टी पोर्तुगीजांच्या हातून गेली. वांद्र्याचं देऊळ मराठ्यांनी पाडलं, की मराठ्यांच्या हाती मोक्याची जागा लागू नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्याने पोर्तुगीजांनीच पाडलं, हे सांगणारा कोण त्यावर ठरतं. मूर्ती खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आसऱ्याला गेली. १७६१ च्या सुमारास टेकडीवर नवं देऊळ उभं राहिलं, तेव्हा साष्टीवर राज्य पेशव्यांचं होतं. त्याच सुमारास, १७६० मध्ये, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ठाण्याच्या कौपिनेश्वराचा जीर्णोद्धार केला. मासुंदा तलावाच्या काठावरचा हा महादेव आणि वांद्र्याच्या टेकडीवरची मेरी एकाच राजवटीत पुन्हा उभे राहिले, हे आम्हा ठाणे-डोंबिवलीकरांना कुणी शाळेत सांगितलं नाही. वांद्रे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं.

शिवाय दुसरी मूर्ती आहेच. एका कोळ्याला स्वप्नात दिसली आणि मग समुद्रात तरंगताना सापडली, ती मोत माउली. मूळ मूर्तीच्या गैरहजेरीत भक्ती तिच्याकडे वळली, मूळ मूर्ती परतल्यावर पुन्हा टेकडीवर गेली, आणि सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये ठेवलेल्या मोत माउलीलाही कुणी टाकलं नाही. दगडालाकडाची पूजा करणारे म्हणून ज्यांना हिणवतात, ते लोक दगडालाकडाच्या बाबतीत इतके सैल असतात.

मी नेहमी एक भेद करतो: दावा आणि नवस. दाव्याला प्रेक्षक लागतात, ‘बघा, घडलं की नाही’ असं तो म्हणतो. नवस बोलणारा ओठही हलवत नाही, आणि सिद्ध काही करायचं नसल्याने तो फसला तरी त्याची तक्रार कुठे नोंदवली जात नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला आपण सगळे चमच्यात दूध घेऊन गणपतीपुढे रांगेत होतो, तो दावा. जत्रेत मेणाचा हात विकत घेऊन बहिणीच्या मोडलेल्या हातासाठी वाहणारी बाई, तो नवस. हात तुटलेल्या बाईपुढे हात वाहायचे, यातली विसंगती तिला कळत नाही असं मानणं हा डब्यातल्या सद्गृहस्थांचा भोळेपणा. तिला ती बहुधा त्यांच्याआधी कळलेली असते. ज्याला लागलेलं असतं त्याच्यापाशी दुखणं सांगायला संकोच वाटत नाही.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. मग मधमाश्या आठवल्या.

दंतकथा अशी, की हात तोडून चाचे देवळाला आग लावू लागले तेव्हा मोहोळ उठलं आणि त्यांना पळता भुई थोडी झाली. मला ही कथा फार आवडते. दुर्गासप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवी सांगते की अरुण नावाच्या असुराला मारायला मी भ्रमररूप घेईन. तीच ही भ्रामरी. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या आज्यांनी ते ऐकलेलं होतं का, हे कोण सांगणार? पण आईवर हात टाकणाऱ्यावर माश्या सुटतात, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नसावं.

पण हा चक्क दावा आहे. हात गेला, ते लोकांना सोसवेना, म्हणून माश्या आल्या, आणि हातावर बाळ आलं. नवस बोलणारीला कुणीतरी आधी सांगितलेलं असतं की ‘इथे पावतं’. ते सांगणं नसतं तर ती टेकडी चढलीच नसती. माझा भेद जत्रेच्या पहिल्या पायरीवरच मोडतो. नवस दाव्यावर जगतो.

कायद्याने तो भेद माझ्यापेक्षा बारकाईने केलाय. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, जो अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर अखेर झाला, तथाकथित चमत्कार करून दाखवून लोकांना फसवणाऱ्याला आणि पैसे मिळवणाऱ्याला धरतो. दिवंगत संतांच्या चमत्कारांची कथा सांगायला मोकळीक देतो. मधमाश्या सुटल्या. दुधाचा चमचाही सुटेल, कारण कुणी तिकीट लावलं नव्हतं.

मग राहतो प्रश्न विचारणारा. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ल्यात वेलंकणी मातेच्या चर्चजवळच्या क्रूसावर येशूच्या पायांशी पाणी ठिबकू लागलं आणि लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकूंनी जाऊन पाहिलं: जवळचा सांडपाण्याचा नळ तुंबला होता आणि पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढत होतं. पुढे टीव्हीवर वाद झाले, धार्मिक भावना दुखावल्याच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी झाल्या, आणि ते फिनलंडला निघून गेले. ते चर्चबद्दल जे कडवट बोलले ते मला पटलेलं नाही. पण पाणी कुठून येतं हे पाहणं भक्ताच्याही हिताचं होतं. तीर्थ म्हणून प्यायलं जात होतं ते.

मेणाचा हात वाहणाऱ्या बाईच्या बाजूने बोलायला मी निघालो होतो, आणि अजूनही तिला हसणाऱ्याच्या बाजूला मी जाणार नाही. पण तिला ‘पावतं’ म्हणून सांगणाऱ्याला उलट प्रश्न विचारणारं कुणीतरी जत्रेत असायला हवं, आणि त्याला पोलीस ठाण्याची भीती नसायला हवी. कौपिनेश्वराच्या दारातही हवं. माणूस चार भिंती तपासतो म्हणून त्याला देश सोडावा लागणार असेल, तर आपण त्या मूर्तीबद्दल चाच्यांपेक्षा फार वेगळं मत बाळगत नाही: ती एवढी कमजोर आहे की एका हाताने मोडेल.