शंकराचार्य वाचणारी कॅथलिक नियतकालिकं

‘सोफिया’ हे कॅथलिक मासिक जानेवारी १८९४ मध्ये कराचीत सुरू झालं. संपादक होते ब्रह्मबांधव उपाध्याय. १८९१ मध्ये कॅथलिक झालेल्या या बंगाली माणसाने सुरुवातीच्या काळात अद्वैतावर कडाडून हल्ला चढवला. पुढे चार-पाच वर्षांत, त्याच मासिकातून, त्यांनी आपली भूमिका उलटी फिरवली. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात अॅरिस्टॉटलसारख्या ख्रिस्तपूर्व विचारवंताला ख्रिस्ती चिंतनाचा पाया केलं. मग भारतात ती जागा वेदान्ताला का नको? माया म्हणजे निव्वळ भ्रम नव्हे. जग आहे, पण स्वतःच्या बळावर नाही, एवढंच ती सांगते. आणि थॉमसचा सृष्टिविचारही नेमकं हेच सांगतो. असा उपाध्यायांचा युक्तिवाद. तो मला आजही विलक्षण धाडसी वाटतो. ‘सोफिया’ नंतर साप्ताहिक होऊन कलकत्त्याहून निघू लागलं, तेव्हा १९०० मध्ये पोपच्या भारतातल्या प्रतिनिधीने कॅथलिकांना त्यापासून दूर राहायला बजावलं.

विचार मात्र थांबला नाही. १९२२ मध्ये कलकत्त्याच्याच जेझुइट संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी ‘द लाइट ऑफ द ईस्ट’ काढलं. त्यात पिएर योहान्स यांनी शंकर, रामानुज, वल्लभ एकेक करून सविस्तर मांडले. प्रत्येकात सत्याचा अंश आहे, थॉमसच्या चौकटीत ते अंश एकमेकांना पूर्ण करतात, असं त्यांचं म्हणणं. अभ्यास दांडगा होता. पण चौकट आधीच ठरलेली असेल, तर शंकराचार्यांनी तिच्यात बसायचं तेवढं उरतं, त्यांचं स्वतःचं ऐकलं जात नाही. १९४६ मध्ये हे मासिक बंद पडलं.

पुढचं पाऊल पुण्यात पडलं. बेल्जियन जेझुइट रिचर्ड द स्मेट यांनी १९५३ मध्ये रोमला शंकराचार्यांच्या विचारपद्धतीवर प्रबंध पूर्ण केला आणि नगर रस्त्यावरच्या द नोबिली कॉलेजात अनेक वर्षं शिकवलं. शंकराचार्य केवळ तर्कवादी तत्त्वज्ञ नाहीत, श्रुतीचा अर्थ लावणारे भाष्यकार आहेत, हे त्यांनी भाष्यांच्या आधारे दाखवलं. तैत्तिरीय उपनिषदातली ब्रह्माची व्याख्या शंकराचार्य लक्षणेने, म्हणजे शब्दांच्या थेट अर्थापलीकडे जाऊन, उलगडतात. ईश्वराविषयी मानवी शब्द कसे वापरावेत याचा थॉमसने केलेला विचार त्याच्या फार जवळचा आहे, असं द स्मेट सांगत. इथे थॉमस शंकराचार्यांना मापायला आलेला नाही. दोघे एकाच अडचणीशी झुंजताना दिसतात. उपाध्यायांनी पाहिलेली शक्यता मला इथे खऱ्या अर्थाने पक्व झालेली दिसते.

द स्मेट यांचं सर्वांत वादग्रस्त विधान असं: निर्गुण ब्रह्म व्यक्तित्वशून्य नाही. निर्गुण म्हणजे मर्यादित गुणांपलीकडचं. जे पूर्ण चैतन्य आहे, त्यालाच ‘व्यक्ती’ हा शब्द सर्वांत नेमका लागतो. अद्वैती अभ्यासकांना हे सहजी पटणारं नाही. पण सगुण आणि निर्गुण यांना एकच गोविंद मानणाऱ्या अभंगपरंपरेत आपण वाढलो आहोत, त्यामुळे आपल्याला ते अगदीच परकं वाटू नये. ‘ब्रह्मन अँड पर्सन’ या नावाने द स्मेट यांचे लेख २०१० मध्ये पुस्तकरूपात आले आहेत. ज्ञानेश्वरी शेजारी ठेवून ते तपासावेत, आणि पटलं नाही तर मराठीत खोडून काढावेत.