प्रसादाला अट असते का?

माउली, काल्याच्या कीर्तनात आपण लाह्या एकमेकांच्या तोंडात घालतो. समोरचा कोण, कुठला, हे विचारत नाही. प्रसाद म्हणजे हात पुढे केला की मिळणारी वस्तू, हे आपल्या अंगात इतके मुरले आहे की त्याला काही अट असेल हे मनातच येत नाही. माझ्याही आले नव्हते.

मळवलीहून लोकलने जाता-येता माझ्या शेजारी बसणारे एक ख्रिस्ती स्नेही आहेत, मूळचे वसईकडचे. त्यांच्या मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे बोलावणे आले. त्याआधी तिला पापनिवेदन करायचे होते. नऊ वर्षांच्या पोरीचे पाप ते काय, म्हणून मी हसलो. स्नेही हसले नाहीत. म्हणाले, "बुवा, तिने काय सांगितले ते मलाही कळणार नाही. फादर ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नाहीत, त्यांच्यावर कसलीही सक्ती झाली तरी." तुकोबांनी आपले दोष भर कीर्तनात सांगितले; यांच्यात ते एकाच कानात ठेवतात. दोन्ही रीतींना छाती लागतेच.

त्या दिवशी मिस्सा सुरू झाली. लोक रांगेने पुढे निघाले, तसा मीही गंध-टोपीसकट उठलो. स्नेह्यांनी हळूच हात धरला. "बुवा, हा स्नानसंस्कार झालेल्यांसाठीच असतो." मी बसलो. बाकावर एकटाच उरलो होतो. खोटे कशाला सांगू, वाईट वाटले. मळवलीला उतरून इंद्रायणीच्या पुलापर्यंत मनात एकच घोळत होते : शब्द आमचा घेतला आणि वाढताना आम्हालाच वगळले!

पण शब्द कुणाचा असतो, माउली? थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि मराठी शिकून त्याने ओवीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते रायतूरला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. स्वर्गाला त्याने खुशाल वैकुंठ म्हटले. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांना मात्र बरेचदा पोर्तुगीज नावेच ठेवली. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. वैकुंठाची ओढ दोघांची सारखी, म्हणून तो शब्द चालला. संस्काराची रीत मात्र दुसऱ्याच्या शब्दात मावली नाही. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग चोरला असे आपल्यातल्या कुणी म्हणावे, हे मला तरी पटत नाही. पाद्री शब्दाचा मूळ अर्थ बाप. फादर म्हणजेही बापच. प्रॉटेस्टंट मंडळी त्यालाच पाळक म्हणतात, म्हणजे मेंढरे राखणारा. आपण ज्ञानोबांना आई म्हणतो आणि वाटेत भेटेल त्यालाही माउलीच म्हणतो. बाप एकाच्याच ठायी पाहायचा की आई सगळ्यांत, हा फरक लहान नाही.

तेव्हा प्रसाद हा शब्द एक, वस्तू दोन. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती भाकर खाऊ नव्हे, ते ख्रिस्ताचे शरीर. ते घेणे म्हणजे मी यांच्यातला झालो, असे सर्वांसमक्ष कबूल करणे. मी कबूल न करता हात पुढे केला असता, तर ते त्यांच्या देवाशी खोटे बोलणे झाले असते. आपणही तुळशीची माळ वाटेल त्याच्या गळ्यात घालत नाही. मांसमद्य सोडशील का, वारी चुकवणार नाहीस ना, असे आधी विचारतोच.

इथपर्यंत मन निवले होते. मग चोखोबा आठवले आणि माझ्या रुसव्याची मलाच लाज वाटली. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, बाहेर आहे. प्रसाद सर्वांना, असे शतकानुशतके गाणारे आपण, पण पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चर्चची अट ज्याला हवी त्याला पुरी करता येते. जन्माची अट कुणी कशी पुरी करावी? मी एक सकाळ बाकावर बसलो तर घरापर्यंत कुरकुरत आलो. ज्यांच्या पिढ्या पायरीशी बसल्या, त्यांनी तरी अभंगच गायले.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. पंगतीत एकाला बसवून ठेवून बाकीच्यांनी उठावे, हे माझ्या वारकरी जिवाला अजून रुचत नाही. स्नेह्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, "मलाही तुमचा हात धरताना जड गेले."

यंदा गावच्या सप्ताहात काल्याला त्यांना घरच्यांसह बोलावले आहे. परवा लोकलमध्ये त्यांनी विचारले, "आमच्यासाठी काही अट आहे का बुवा?"

"आहे," मी म्हणालो. "चपला बाहेर काढायच्या."