तळाच्या ओळीतला आकडा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा जो जाडजूड अहवाल बांधून घेतात, त्याला मुंबईच्या कॉलेजांत ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं, आत सर्टिफिकेट आणि मग आभाराचं पान. या पानावर प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड, लॅब असिस्टंट आणि आईवडील याच क्रमाने येतात. आधीच्या बॅचच्या फाइलमधून ते पान जसंच्या तसं उचललेलं असतं, त्यामुळे बदली होऊन गेलेल्या विभागप्रमुखांचे आभारही कधीकधी मानले जातात.

एक्स्टर्नल म्हणून व्हायवाला बसलं की ही पुस्तकं समोर येतात. चाळताना कोणाचं लिखाण कुठे संपलं आणि कोणाचं सुरू झालं ते बरोबर कळतं. एका प्रकरणात समास दोन्ही बाजूंनी ताठ, पुढच्यात उजवीकडची बाजू दातेरी. एका प्रकरणात ब्रिटिश स्पेलिंग, पुढच्यात अमेरिकन. मी मधलंच एखादं पान उघडून विचारतो, ‘हे अचूकता 92 टक्के लिहिलंय, ते कशावरून?’ चौघं एकमेकांकडे बघतात आणि मग तिघं मिळून चौथीकडे. ‘रिपोर्ट हिने केलाय, सर.’ ती म्हणते, ‘मी फक्त टाइप केलं. रीडिंग्ज याने दिली होती.’ तो म्हणतो, ‘ती जुनी रीडिंग्ज होती, नंतर सेन्सर बदलला ना आपण.’ सेन्सर बदलल्याचं पुस्तकात कुठेच नाही.

याला मुलांचा आळस म्हणायला मी तयार नाही. त्यांचं वागणं अगदी हिशेबी आणि बरोबर असतं. हे पुस्तक कोणी वाचणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. गाइड सही करणार, एक्स्टर्नल चाळणार, लायब्ररी कपाटात ठेवणार. पहिल्या वर्षीच्या ड्रॉइंग शीटपासून त्यांनी हेच पाहिलेलं असतं. काच, काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. याला ‘जीटी मारणे’ म्हणतात आणि ती रात्रभर चालते. मग जर्नल, मग टर्मवर्क, मग सबमिशन. लिहायचं ते लाल पेनची सही मिळवण्यासाठी, हे चार वर्षं शिकलेल्या मुलाने पाचव्या वर्षी नोकरीत जाऊन अचानक कोणाला तरी काही कळवण्यासाठी लिहावं, ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

हे शिकवायला म्हणून अभ्यासक्रमात बिझनेस कम्युनिकेशन आहे. कॉमर्सला आहे, इंजिनिअरिंगलाही आहे. त्यात संवादाचे सात ‘सी’ आहेत, पत्राचे नमुने आहेत, अजेंडा आणि मिनिट्स आहेत. तक्रारीचं पत्रही असतं: तुम्ही मागवलेल्या पंख्यांपैकी काही तुटके निघाले, कंपनीला कळवा. हे पंखे कोणी मागवलेले नसतात आणि ती कंपनीही नसते. त्यामुळे कोणीच नसलेल्या माणसाला, न घडलेल्या गोष्टीबद्दल अत्यंत नम्र भाषेत लिहिण्यात विद्यार्थी तरबेज होतो. दहापैकी आठ गुण मिळतात. पत्राला उत्तर येणार नसल्यामुळे आपण नक्की काय मागितलं होतं हे त्याला कधी तपासावंच लागत नाही.

वाचणाऱ्याला पुढे काय ठरवायचं आहे, याचा विचार न करता लिहिलेला मजकूर खोटा नसूनही दिशाभूल करू शकतो. याचं माझ्या माहितीतलं सर्वांत ढळढळीत उदाहरण कॉलेजातलं नाही, नासातलं आहे.

16 जानेवारी 2003 रोजी ‘कोलंबिया’ यान उडालं. सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. उड्डाणाचं चित्रीकरण तपासताना दुसऱ्या दिवशी ते लक्षात आलं. यान पृथ्वीभोवती फिरत होतं, आत सात जण होते, त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. पंखाला किती इजा झाली असेल याचा अंदाज बांधण्यासाठी इंजिनिअरांचा गट बसला. बोइंगच्या इंजिनिअरांनी हिशेब मांडले, स्लाइड्स तयार झाल्या आणि त्या व्यवस्थापकांपर्यंत गेल्या. त्यांतली एक स्लाइड पुढे फार गाजली. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाने ती आपल्या अहवालात छापली.

स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. चाचण्यांची माहिती पाहता आपले अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेले आहेत, अशा अर्थाचा. त्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्यांच्याखाली आणखी बारीक उपमुद्दे. अगदी तळाशी एक ओळ होती: चाचणीतलं आकारमान 3 घनइंच, प्रस्तुत प्रकरणातलं 1920 घनइंच. 640 पट! म्हणजे ज्या चाचण्यांच्या भरवशावर मथळा उभा होता, त्या चाचण्यांवरून या आघाताबद्दल काही बोलताच येत नव्हतं. स्लाइडचा खरा मथळा तळाच्या ओळीत होता.

कोणी लपवलं नव्हतं, हे इथे महत्त्वाचं. आकडा होता, बरोबर होता, छापलेला होता. उद्या कोणी विचारलं असतं तर ‘आम्ही लिहिलं होतं’ असं म्हणायची सोय होती. आपल्याकडच्या कितीतरी अहवालांचं बळ याच सोयीत असतं. वरिष्ठ माणूस ही स्लाइड वाचेल आणि आपण जिवावरच्या धोक्याबद्दल वाचतो आहोत हे त्याच्या लक्षातही येणार नाही, असं मंडळाने म्हटलं, ते याचमुळे. 1 फेब्रुवारीला परतताना टेक्सासच्या आकाशात यान फुटलं.

स्लाइड नीट असती तर सातही जण वाचले असते, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘अटलांटिस’ यान घाईने तयार करून त्यांना उतरवून घेता आलं असतं का, हेही मंडळाने तपासलं. ते जोखमीचं होतं, पण अशक्य नव्हतं, असं त्यातून निघालं. धोका आहे हे ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं असतं, तर निदान तो विचार वेळेवर सुरू झाला असता.

इंजिनिअरांच्या त्याच गटाच्या कामाचा दुसरा भाग मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो आपल्या वर्गातल्या गटांच्या फार जवळचा आहे. गटाचे एक प्रमुख, नासाचे इंजिनिअर रॉडनी रोचा यांना पंखाची छायाचित्रं हवी होती. अशा चित्रांची मागणी वेगवेगळ्या वाटांनी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा विरली. रोचांनी एक ईमेल लिहिला. चित्रं न घेण्याचा हा निर्णय चुकीचा आहे, बेजबाबदारपणाच्या जवळ जाणारा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं. मग तो पाठवला नाही. छापून घेऊन एका सहकाऱ्याला दाखवला. वरिष्ठांना ओलांडून जायचं नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. बुद्धी होती, माहिती होती, भाषेची अडचण नव्हती. सॉफ्ट स्किल्सच्या कुठल्याही वर्गाने त्यांना आणखी काही शिकवलं नसतं.

आपण टीमवर्क शिकवतो ते गुण्यागोविंदाने राहण्यासारखं शिकवतो. ‘आमच्या ग्रुपमध्ये कधी वाद झाले नाहीत’ हे मुलं अभिमानाने सांगतात. विचारलं तर कळतं की वाद व्हायला प्रसंगच आला नव्हता. एकाने कोड लिहिला, एकाने हार्डवेअर आणलं, एकीने रिपोर्ट केला, एकाने पीपीटी. व्हॉट्सअॅपवर ‘आज रात्री मर्ज करू’ आणि त्याखाली तीन अंगठे. ही कामाची वाटणी झाली. वाटणीला माझा विरोध नाही, तिच्याशिवाय काम होत नाही. पण गट म्हणून एकत्र बसण्याची खरी गरज एकाच वेळी पडते. ‘आपण 92 टक्के लिहायचं का?’ हे ठरवताना. सेन्सर बदलला हे ज्याला माहीत आहे आणि वाक्य जी टाइप करते आहे, ती दोघं त्या एका वाक्यावर अर्धा तास भांडली असती, तर ते अर्ध्या तासाचं टीमवर्क. बाकीचं चार जणांनी शेजारी बसून केलेलं एकेकट्याचं काम.

अशा भांडणातून जे निघतं ते ठेवायला पुस्तकात जागाही असते. ‘लिमिटेशन्स’ नावाचा विभाग त्यासाठीच आहे. तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की यूजर इंटरफेस आणखी आकर्षक करता येईल. रोचांचा छापलेला ईमेल म्हणजे कपाटात राहिलेलं लिमिटेशन्सचं पान होतं.

हल्ली लोकांना वाटतं की चॅटजीपीटीने रिपोर्ट लिहिण्याची कला मारली. जे आधीच कोणी वाचत नव्हतं, ते आता कोणी लिहीतही नाही, एवढाच फरक पडला. साहित्य-सर्वेक्षणाचं प्रकरण आधी सीनिअरच्या पेन ड्राइव्हमधून यायचं. मशीनने ते निदान एका फॉन्टात आणलं.

उत्तम अहवाल लिहिणारे लोक आपल्याकडे आहेत, पण त्यांना कोणी लेखक म्हणत नाही. तारापूर किंवा लोट्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल प्लांटमधलं शिफ्टचं लॉगबुक उघडून पाहा. तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने सकाळी सातला घरी जाताना लिहिलेलं असतं ते साधारण असं: ‘पंप नं. 2 ग्लँड लीक. दोरी भरली आहे पण धरणार नाही. आधी हे बघा मग चार्ज करा.’ व्याकरण यथातथा, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. पण काय झालं, मी काय केलं, माझा त्यावर किती भरवसा आहे आणि तू आधी काय कर, हे चारही तीन वाक्यांत आलं. ‘धरणार नाही’ हे तर सोन्यासारखं आहे. मी केलेलं काम कच्चं आहे, हे स्वतःच्या सहीनिशी लिहायला मोठ्या पगाराचे लोक कचरतात. सुपरवायझर ते लिहितो, कारण वाचणारा माणूस त्याला दिसतो आहे. दहा मिनिटांनी तोच त्या पंपापाशी उभा राहणार आहे आणि काही राहिलं तर दुपारी झोपेतून उठवून फोनवर विचारणार आहे.

वाचणारा असा रोजच्या ओळखीचा नसेल, दूरचा, वरचा आणि परक्या भाषेतला असेल, तर? त्याचंही उदाहरण घरातच आहे. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाला जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर 1882 मध्ये दिलेलं निवेदन. ते इंग्रजीत आहे. त्याकडे सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण बिझनेस कम्युनिकेशनच्या तासालाही ते वाचायला हवं. शेवटी फुल्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. सुरुवातीला ते आपला या विषयाशी संबंध काय ते सांगतात: पुण्यात मुलींची शाळा काढली, शिकवण्याचा अनुभव आहे. मग पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, ते. कर कष्टकऱ्यांकडून, शिक्षण वरच्यांना. आणि मग मागण्या. प्राथमिक शिक्षण वयाच्या बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. शिक्षकाला महिना 12 रुपयांहून कमी देऊ नका, मोठ्या गावात 15 किंवा 20 द्या. शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडे ठेवा.

फुल्यांचा राग सगळ्यांना माहीत आहे आणि तो या निवेदनातही लपत नाही. पण आयोगाला रागाचं काही करता येत नाही, 12 रुपयांचं करता येतं. शिक्षकांची स्थिती सुधारावी अशी विनंती कोणीही केली असती आणि कोणत्याही आयोगाने तिची नोंद घेतली असती. आकडा लिहिला की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. त्या वेळी उत्तर बहुतांशी ‘नाही’ असंच आलं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात झाला तो 1918 साली, आणि तोही नगरपालिकांनी मनावर घेतलं तर. चांगलं लिहिलं की काम होतंच असं नाही, हेही मुलांना याच निवेदनावरून सांगता येईल. पण नाकारलं काय गेलं, हे आज सव्वाशेहून जास्त वर्षांनी नेमकं कळतं.

तेव्हा कॉलेजात करायचं काय? आणखी एक विषय किंवा आणखी एक वर्कशॉप याने काही होईल असं मला वाटत नाही. मुलांना वाचक द्यावा लागेल, आणि तो अडलेला असावा लागेल. सगळ्यांत सोयीचा वाचक म्हणजे पुढची बॅच. पण ज्युनिअर अडतील तेव्हा सीनिअर पास होऊन पुण्याबंगलोरला गेलेले असतात, त्यांना कशाचंच सुखदुःख नसतं. त्यापेक्षा सातव्या सेमिस्टरच्या शेवटी, काम अर्धं झालेलं असताना, दोन गटांनी एकमेकांचे कच्चे अहवाल आणि यंत्रं एका आठवड्यासाठी बदलून घ्यावीत. केवळ अहवाल वाचून दुसऱ्याचं यंत्र चालवून दाखवायचं आणि जिथे अडलो ती पानं खुणा करून परत द्यायची. टर्मवर्कचे थोडे गुण यावर ठेवायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही, गाइडची इच्छा पुरते. सगळेच गट अटेंडन्स सिस्टिम करत असतात, त्यामुळे विषय समजला नाही ही सबबही चालणार नाही. सेन्सर बदलल्याचं लिहिलं नव्हतं, हे चौघांना तेव्हा एक्स्टर्नलकडून नाही, शेजारच्या बाकावरच्या वैतागलेल्या मैत्रिणीकडून कळेल, आणि ती काही सर म्हणून आदबीने विचारणार नाही. गाइडने लक्ष ठेवायचं ते एकाच गोष्टीवर: त्या आठवड्यात दोन्ही गटांनी एकमेकांना फोन करता कामा नये.